पिचकारीभाऊची टाकी

एकदा चांद्याच्या एका डॉक्टरने त्याच्या दंडाला पट्टा आवळला, रबरी फुगा फुसफुस दाबला, पाऱ्याकडे पाहिलं आणि तोंड लांब करून सांगितलं, "तुमचा दाब फार वाढलाय." दुसरा कोणी असता तर तिथेच खाली बसला असता. हा गडी दवाखान्याच्या पायऱ्या उतरून थेट हलवायाकडे गेला आणि गल्लीभर पेढे वाटत सुटला. माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाला, "घे. डॉक्टरनं मशीन लावून पाह्यलं. एवढा दाब त्यानं आजवर कोणाचाच पाह्यला नाई म्हणे."

डॉक्टर असं काही म्हणाला नसणार. पण दाब हा या माणसाचा धंदा होता आणि जगातली प्रत्येक गोष्ट तो दाबावर तोलायचा. निवडणुकीच्या सभेत एक पुढारी घशाच्या शिरा ताणून बोलत होता, तर हा मागे उभा राहून शांतपणे म्हणाला, "दाब कमी हाय. टाकीतच पाणी नाई तं नळी काय करन?" पुढाऱ्यापेक्षा त्यालाच टाळ्या जास्त मिळाल्या. लग्नात नवरदेव नाव घ्यायला लाजला की "दाब कमी हाय". हॉटेलातला स्टोव्ह, बैलाची शेपटी, पुजाऱ्याची आरती, कोंबड्याची बांग, कशाकशाचाही दाब याला पुरेसा वाटला नाही.

त्याचं खरं नाव सांगत नाही. त्या नावाने त्याला फक्त पोस्टमन आणि सासरा हाक मारायचे. बाकीचा सगळा चांदा त्याला पिचकारीभाऊ म्हणायचा. (चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणायचो. गडचिरोली, चामोर्शी, पार सिरोंच्यापर्यंतचं जंगल, सगळं चांद्यातच मोडायचं.) माणूस बुटका, पोट पुढे, मिशा दोन्ही बाजूंनी ठिबकणाऱ्या. दिवसभर पाण्यात उभा असल्यामुळे त्याच्या गुडघ्याखाली श्रावण असायचा आणि गुडघ्यावर वैशाख. वेगळी अंघोळ त्याने कधी केल्याचं मला तरी आठवत नाही. विचारलं तर म्हणायचा, "उडते तेवढं पुरते."

आता धंदा सांगतो. लढाई संपली आणि पलटणीच्या जुन्या लॉऱ्या लिलावात निघाल्या. ज्याला सायकलचा पंप मारता येत नव्हता तोही लॉरीमालक झाला. जंगलातून साग यायचा, बांबू यायचा, बल्लारपूरला जायचा. या लॉऱ्या परत यायच्या तेव्हा पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हे ड्रायव्हरला उतरवून विचारावं लागे. त्या धुवायच्या कशा, तर नदीत उभ्या करायच्या आणि क्लीनरने नारळाच्या काथ्याने दिवसभर घासायच्या. पिचकारीभाऊ कामठीच्या लिलावात लॉरी घ्यायला गेला होता. एक खटारा घेतला आणि त्याच्यासोबत कोणीही बोली न लावलेला एक पंप उचलून आणला. तीन पिस्टनचा, स्वतःचं इंजिन असलेला, हत्तीच्या सोंडेएवढी नळी आणि पुढे पितळी तोटी. तोटी उघडली की अशी धार सुटायची की चिखल जायचाच, पण जास्त वेळ एका जागी धरली तर रंगही जायचा. एका ठेकेदाराच्या लॉरीचा हिरवा रंग गेला, त्याखालचा निळा गेला, आणि खाली गोऱ्या पलटणीचा आकडा निघाला. ठेकेदार रडकुंडीला आला. हा म्हणाला, "गाडी पाह्यजे तशी धुतली. मालक कोणता पाह्यजे ते तुमी ठरवा."

पण पंपाला पाणी लागतं, आणि तो पंप पाणी प्यायचा तो वऱ्हाडी मंडळीसारखा, मिळेल तितकं आणि वर पुन्हा मागून. विहिरीवर बसवला तर विहीर आटायची आणि बायका घागरी घेऊन याच्यावर धावून यायच्या. म्हणून त्याने एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याची लोखंडी टाकी आणली आणि खटाऱ्यावर आडवी चढवली. टाकीचं झाकण एवढं रुंद की आत म्हशीचं पारडू सहज उतरलं असतं. टाकी वर, पंप खाली मागच्या फळीवर, मधे नळी. जिथे लॉऱ्या थांबतात तिथे आपणच पाणी घेऊन जायचं, अशी ही युक्ती. अख्ख्या जिल्ह्यात दुसरा असा गाडा नव्हता. तो चालवायला त्याने मला ठेवलं, कारण बाकीच्या ड्रायव्हरांनी गाडा पाहूनच हात जोडले होते.

पाण्याच्या बाबतीत त्याचे नियम पक्के. टाकीतून पंपाकडे येणारी नळी आखूड आणि जाड पाहिजे, तिला पीळ पडता कामा नये, आणि तिच्यात हवा शिरता कामा नये. हवा शिरली की पंप खोकायचा आणि त्याच्या आतली चामडी करपायची. "पंपाले पाणी पायजे," तो मला सांगायचा, "हवा पुढाऱ्याले." टाकीच्या आत नळीच्या तोंडाला तो बायकोच्या जुन्या लुगड्याचं फडकं चारपदरी बांधायचा, म्हणजे लहान बोडीतून, मोठ्या तलावातून भरलेल्या पाण्यातला गाळ पंपात जात नसे. त्या फडक्यात रोज झिंगे आणि बारीक मासे सापडायचे. त्याच्या घरी कालवणाला कधी बाजार करावा लागला नाही.

चिखलाचीही त्याला भारी ओळख, निदान त्याचा तसा दावा होता. लॉरीच्या चाकाला बोट लावून, नाकाशी नेऊन, तो मोठ्याने जाहीर करायचा, "काळी माती. कोरपन्याकडची, कापसाची." निम्म्या वेळा चुकायचा, पण चुकताना त्याचा आवाज जास्त चढायचा. एकदा एका ड्रायव्हरच्या बायकोसमोर त्याने चाक हुंगून सांगितलं, "हा चिखल बल्लारपूरचा नाई. हा चामोर्शीचा हाय, धानाच्या बांधीतला." ड्रायव्हरने घरी बल्लारपूर सांगितलं होतं. माती खरं तर बल्लारपूरचीच होती, पण तो बिचारा घाबरून गेला आणि कोणी न विचारता चामोर्शीचं सगळं कबूल करून बसला. तेव्हापासून ड्रायव्हर लोक पिचकारीभाऊला आधी चहा पाजायचे आणि मग चाक दाखवायचे.

या गाड्यात एकच खोट होती आणि ती मी जिवावर बेतून शिकलो. टाकी काठोकाठ भरलेली असो की ठणठणीत रिकामी असो, खटारा गायीसारखा चालायचा. पण टाकी अर्धी असली की देवच रक्षण करो. ब्रेक दाबला की लॉरी थांबायची, आतलं पाणी थांबायचं नाही. ते मागून धावत यायचं, पुढच्या पत्र्यावर आदळायचं आणि थांबलेल्या लॉरीला दोन हात पुढे ढकलायचं. चामोर्शीच्या बाजारात मी कुंभाराच्या दुकानापुढे व्यवस्थित गाडी थांबवली, हात झटकले, खाली उतरायला दार उघडलं, आणि तेवढ्यात मागून पाणी आलं. मडकी फुटल्याचा आवाज मी आजही झोपेत ऐकतो. कुंभार ओरडत होता, "अबे, गाडी थांबली होती ना?" पिचकारीभाऊ वरून म्हणाला, "गाडी थांबली होती भाऊ. पाण्यालेच सांगाचं राहून गेलं."

त्याची बायको वैनगंगेकाठची. तिच्या बापाची नदीच्या रेतीत टरबुजाची वाडी होती. वहिनी उंच, सडसडीत, आणि तिचा आवाज असा की पंप चालू असतानाही तो ऐकू यायचा. तिच्यापुढे पिचकारीभाऊचा दाब निम्म्याने उतरायचा. तिच्या भावाचं नागपूरला कापडाचं दुकान होतं. भाऊ कित्येक दिवस म्हणत होता, दाजींना इकडे पाठवा, गादीवर बसून कापड मोजतील, कोरडे राहतील. पिचकारीभाऊला या कोरडे शब्दाचीच धास्ती होती. मला म्हणायचा, "मांडी घालून बसाचं, गज घ्याचा, आन बायायले म्हनाचं, ताई हा रंग पक्का हाय. मी तं जलमभर रंग काढले."

पण त्या वर्षी गाड्याने पेच आणला. हिवाळ्यातल्या पासिंगला मोटार इन्स्पेक्टरने आमचा खटारा ब्रेकवर नापास केला होता आणि बजावलं होतं की उन्हाळ्यात पुन्हा आणा, तेव्हा जमलं नाही तर ही गाडी रस्त्यावर दिसता कामा नये. वहिनीने त्याच दिवशी निकाल देऊन टाकला. "गाडी पास झाली तं तुमी आन तुमची टाकी. नाई झाली तं नागपूर. मंग मले पिचकारी दाखवाची नाई."

हा इन्स्पेक्टर नागपूरहून यायचा आणि त्याच्यासारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पांढरी पँट, पांढरा सदरा, कोणाचं काही घ्यायचं नाही. काही म्हणजे पाणीसुद्धा नाही. स्वतःचा फिरकीचा तांब्या घेऊन यायचा आणि तो संपला की तहानेला बसायचा. एका बसमालकाने त्याच्या टेबलावर केळ्याचा घड ठेवला, तर त्याने केळी मोजून परत दिली आणि बस नापास केली. शिवाय ब्रेक तपासायची त्याची रीत वेगळी. मैदानात चुन्याची रेघ मारायची, आणि रेघेच्या लगेच पलीकडे स्वतःची खुर्ची टाकून बसायचं. म्हणायचा, "ज्याचा आपल्या ब्रेकवर विश्वास आहे, त्याने माझ्या दिशेने गाडी आणावी." चांद्याचे निम्मे मालक तिथूनच घरी परत जायचे. उरलेल्यांची सोय वेगळी होती. साऱ्या गावात चांगला भोंगा एकच आणि चांगल्या टायरांचा जोड एकच. लिंबाच्या झाडामागे ते या लॉरीचे काढून त्या लॉरीला चढायचे. एकच भोंगा दिवसभर वेगवेगळ्या लॉऱ्यांतून वाजायचा आणि इन्स्पेक्टर दरवेळी मान हलवून म्हणायचा, "आवाज ओळखीचा वाटतो."

पासिंगचा दिवस भर मे महिन्यातला. चांद्याचा मे ज्याने पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. आम्ही मैदानात आलो तेव्हा कावळे सावलीत बसून एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. वहिनी आधीच आली होती. मैदानाच्या कडेला, झाडाखाली, दोरीने बांधलेल्या ट्रंकेवर बसलेली. संध्याकाळची गाडी होती नागपूरची. निकाल लागला की तिथूनच स्टेशन. पिचकारीभाऊने ट्रंकेकडे पाहिलं आणि मान वळवली.

"काय आणलं हो ट्रंकेत?" मी वहिनीला विचारलं.

"यायचं कोरडं धोतर," ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

टाकी आम्ही पहाटेच इरई नदीवर काठोकाठ भरून आणली होती. भरलेल्या टाकीने ब्रेक द्यायचा, पास व्हायचं, सरळ हिशोब. पण इन्स्पेक्टरने फर्मान काढलं की मळलेल्या गाडीला मी हात लावणार नाही. झालं, साऱ्या लॉरीमालकांनी पिचकारीभाऊला घेरलं. मी कानाशी लागलो, "भाऊ, पाणी आपल्यासाठी ठेवा. आपला नंबर शेवटी हाय."

"अबे, लोकं पाहून राह्यले," तो म्हणाला आणि त्याने तोटी उघडली.

एकदा लोक पाहायला लागले की हा माणूस गेला. एक लॉरी, दुसरी लॉरी, मधे एक टांगा, टांग्याचा घोडा, घोडेवाल्याचे पाय. लोक वा वा करत होते आणि माझ्या टाकीतलं पाणी उतरत होतं. दुपारी आमचं नाव पुकारलं तेव्हा मी काठीने बाहेरून ठोकून पाहिलं, तर टाकी बरोबर अर्धी. इरईला जाऊन बादल्यांनी भरून यायचं म्हणजे दिवस मावळला असता. उरलेलं पाणी सोडून द्यावं तर इन्स्पेक्टर म्हणणार, पाण्याची गाडी आहे, पाण्यासकटच चालवून दाखवा. हिवाळ्यात तेच म्हणाला होता.

"भाऊ," मी म्हणालो, "टाकी अर्धी हाय. आन साहेब समोर बसला हाय."

पिचकारीभाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तू हळूच दाब." त्याने त्या दिवशी डोक्याला काहीतरी फेट्यासारखं बांधलं होतं. एरवी बोडका फिरणारा माणूस साहेबासमोर बोडका कसा जाणार, म्हणून. ते फडकं मला ओळखीचं वाटलं, पण तेव्हा माझं लक्ष फडक्यात नव्हतं.

मी खटारा सुरू केला. समोर मैदान, मैदानाच्या टोकाला चुन्याची रेघ, रेघेपलीकडे पांढरा इन्स्पेक्टर मांडीवर कागद घेऊन. डाव्या हाताला वहिनी ट्रंकेवरून उठून उभी. मला कुंभाराची मडकी आठवली आणि त्या मडक्यांच्या जागी साहेबाचं डोकं दिसायला लागलं. माझं कुलदैवत, शेजाऱ्यांचं कुलदैवत, वाटेतले म्हसोबे, सगळ्यांना नवस बोलून मी रेघेच्या अलीकडे ब्रेक दाबला. लॉरी थांबली. मी डोळे मिटले आणि पाण्याची वाट पाहिली.

मागे टाकीत धप, धप, धप असा आवाज झाला, कोणी आत ढोल बडवावा तसा. आणि संपलं. लॉरी तसूभर हलली नाही. डोळे उघडले तर इन्स्पेक्टर जिवंत होता आणि लिहीत होता.

"तो आवाज कसला?" त्याने विचारलं.

"पाण्याचा," पिचकारीभाऊ म्हणाला.

"पाणी असं वाजतं?"

"इरईचं वाजते साहेब. दाब हाय तिले."

साहेबाने लिहिणं थांबवलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि उठला. ब्रेक ठीक आहे म्हणाला. फक्त चासीवरचा नंबर वाचायचा राहिला होता, आणि तो दिसत नव्हता. कारण जगाच्या लॉऱ्या धुणाऱ्या या माणसाने स्वतःची लॉरी जन्मात धुतली नव्हती. विचारलं तर म्हणायचा, "डॉक्टर सोताले सुई टोचते काय?" इन्स्पेक्टर पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "इथला चिखल काढा. तुमचाच पंप आहे."

पिचकारीभाऊने मिशीवरून हात फिरवला, पंप चालू केला आणि तोटी रोखली. पंप खोकला. पुन्हा खोकला. मग त्याच्या पोटात काहीतरी घुसळल्यासारखं झालं, नळी अजगरासारखी फुगली, आणि धार सुटली ती लाल.

नुसती लाल नाही, गरासकट आणि बियांसकट. चासीवर आदळून ती फिरली आणि उकिडव्या इन्स्पेक्टरला एका बाजूने पायापासून डोक्यापर्यंत रंगवून गेली. पिचकारीभाऊ इतका हबकला की तोटी बंद करायचंच विसरला, त्यामुळे उरलेला इन्स्पेक्टरही रंगला. पंप बंद पडला तेव्हा मैदानात असं गप्पगार झालं की उधारीचा भोंगा काढणारे लोकसुद्धा पान्हा हातात धरून उभे राहिले. साहेब हळूच उभा राहिला. सदरा लाल, मिशीत बिया. त्याचा तांब्या कधीच संपला होता, ओठ सुकून पापडी झाले होते. त्या ओठांवरून त्याची जीभ एकदा फिरली. मुद्दाम नाही, आपोआप. मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं.

तो शिडीने टाकीवर चढला, झाकण उघडलं आणि आत पाहिलं. मीही मागून चढलो. अर्ध्या पाण्यावर टरबुजंच टरबुजं तरंगत होती. काही साबूत, काही ब्रेकच्या धक्क्याने एकमेकांवर आदळून फुटलेली. वहिनीच्या बापाने वाडीवरून पाठवलेली. तेव्हा कुठे मला तो ढोल कळला, आणि पाणी पुढे का धावलं नाही तेही कळलं. एवढी धेंडं अंगावर बसल्यावर पाणी धावणार कुठे? आणि नळीच्या तोंडाचं लुगड्याचं फडकं का नव्हतं, हे पिचकारीभाऊच्या डोक्याकडे पाहिल्यावर कळलं.

"ही आत कशी आली?" इन्स्पेक्टरने वरूनच विचारलं.

आता पिचकारीभाऊने म्हणावं ना, ब्रेकसाठी टाकली. त्याने तसा विचारच केला नव्हता. त्याचा बेत निराळा होता, आणि साहेबाचा लाल सदरा पाहून तो घाबरून खरं बोलून गेला. "पहाटेच, याची पाठ फिरली तसे थंड कराले टाकले साहेब. तुमचा तांब्या सरते हे मले ठाऊक होतं. मंग मी झाकण उघडलं असतं, आन म्हणलं असतं, अरे, हे इथी कुठून आले."

"म्हणजे लाच."

"नाई साहेब. योगायोग."

इन्स्पेक्टर खाली उतरला. रुमालाने मिशी पुसली. "टरबुजं बाहेर काढा," तो म्हणाला. "रेघेवर पुन्हा ब्रेक द्या. टरबुजांशिवाय. मी खुर्चीवर बसतो."

पिचकारीभाऊचा चेहरा उतरला. त्याने डोक्याचं फडकं सोडलं, त्याची घडी केली आणि ट्रंकेच्या दिशेने चालू लागला. मला वाटलं, संपलं. चांद्याची पिचकारी आता कापड मोजणार. पण वहिनी ट्रंक सोडून पुढे आली होती. तिने पदर खोचला आणि इन्स्पेक्टरसमोर उभी राहिली.

"साहेब, एक सांगा. बाई डोक्यावर पाण्याची घागर घेते, तं पाण्यावर पळसाचं पान टाकते का नाई?"

इन्स्पेक्टरने सदऱ्यावरचा गर झटकला.

"काऊन टाकते? पाणी हिंदकळू नये म्हनून. आमच्या घाटावर लहान पोरीलेही ठाऊक हाय. तिले कोणी म्हनते का, बाई, पान काढून चालून दाखव, मंग तू पानी आनू शकते असं मानू? यायनं थंड कराले टाकले का डोकं फिरलं म्हनून टाकले, ते जाऊ द्या. अक्कल यायची नाई, मान्य. पान तं पडलं ना घागरीत? गाडी थांबली ना?"

साहेबाने टाकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पळसाचंच टाकता?"

"पळसाचं नाई भेटलं तं मोहाचं."

"आमच्याकडे आंब्याचं टाकत," तो म्हणाला. एवढं बोलून तो खुर्चीवर जाऊन बसला आणि लिहायला लागला. लिहिताना सदऱ्यावरून कागदावर एक बी पडली, ती त्याने नखाने बाजूला सारली. आमचा खटारा पास झाला. पण कागदावर खाली एक अट होती, ती त्याने मोठ्याने वाचून दाखवली. टाकीत पाणी असताना पाण्यावर पुरेशी टरबुजे किंवा तत्सम तरंगती वस्तू सदैव ठेवण्यात यावी, आणि नळीच्या तोंडाचे फडके मालकाने डोक्यास बांधू नये.

हे खोटं वाटत असेल तर वाटो. मी ती गाडी चालवली आहे. पुढे कितीतरी दिवस नाक्यावरचा शिपाई आम्हाला अडवून लायसन नंतर पाहायचा, आधी झाकण उघडून टरबुजं पाहायचा. पावसाळ्यात टरबूज कुठून आणणार, तर पिचकारीभाऊने गोंड लोक पाणी भरून नेतात ते सुकलेल्या दुधीचे तुंबे आणून टाकीत सोडले. शिपायाने विचारलं, "टरबूज कुठी हाय?" हा म्हणाला, "सुटीवर हाय. हे बदली कामगार."

त्या दिवशी ट्रंक परत घरी न्यायला मला आणि पिचकारीभाऊला जुंपलं होतं. वाटेत मी विचारलं, "वहिनी, तुम्हाले तं नागपूरले जायाचं होतं ना? मंग साहेबाशी भांडल्या काऊन?"

ती पुढे चालत होती, मागे न पाहता म्हणाली, "भावाचं दुकान घराच्या समोरच्या खोलीत हाय. हा माणूस दिवसभर गादीवर, माह्या डोळ्यासमोर. इथी निदान सकाळी पाण्याले जाते तं संध्याकाळीच येते."

पिचकारीभाऊने हे ऐकलं. मला वाटलं दुखावला असेल. तो माझ्या कानाशी येऊन अभिमानाने म्हणाला, "पाह्यला दाब?"

पुढच्या उन्हाळ्यात इन्स्पेक्टर पुन्हा आला. नवा पांढरा सदरा, तोच तांब्या, रेघेपलीकडे तीच खुर्ची. आमची लॉरी आली, मी ब्रेक दाबला, आत धप धप झालं, साहेबाने मान हलवून लिहिलं. त्याचा तांब्या एव्हाना रिकामा झाला होता, हे सगळ्यांना दिसत होतं, पण पाणी पुढे करायची कोणाची छाती नव्हती. तेव्हा वहिनीने त्याला मैदानाच्या कडेला नेलं, जिथे लॉऱ्या धुतलेलं पाणी वाहून जिरायचं. तिथे चिखलात टरबुजाचे वेल पसरले होते, आणि वेलांना फळं लागली होती.

"हे कोणी लावले?" साहेबाने विचारलं.

"तुमीच," ती म्हणाली. "मागच्या साली तुमच्या सदऱ्यावरून पडलेल्या बिया हायेत. जमीन सरकारी, पानी पडलेलं, बी तुमची. आमचं यात काईच नाई."

इन्स्पेक्टरने वेलाभोवती एक चक्कर मारली. वाकून जमीन पाहिली, मैदानाची हद्द पाहिली, तोंडातल्या तोंडात काही कलमं म्हणून पाहिली. कुठे काही आडवं येत नव्हतं. मग तो सदरा सावरून लिंबाच्या सावलीत बसला, गुडघ्यावर आपटून त्याने टरबूज फोडलं आणि दोन्ही हातांनी खायला लागला. सगळे लॉरीमालक लांबून पाहत होते. भोंगा काढायचं काम थांबलं होतं. खाता खाता साहेबाने तोंड वळवून एक बी थुंकली. ती समोर, थोड्याच अंतरावर, धुळीत पडली.

पिचकारीभाऊने ती कुठे पडली ते डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली.

"दाब कमी हाय."